आमसुलाने घासलेलं पिस्तूल

पावस गावच्या एका आंबा बागायतदाराने मला सहा वर्षं फसवलं. त्याआधी मी त्याला फसवायला गेलो होतो, हे मी नाकारत नाही. पण मला ते जमलं नाही आणि त्याला जमलं, म्हणून दोष त्याचा. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे वाचताना काहींना माझंच हसू येईल. खुशाल हसावं. पण निवाडा शेवटची ओळ वाचून करावा.

रत्नागिरीत बाजारपेठेच्या मागच्या बोळात माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. मी सातवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. आधी स्टो दुरुस्त केले, मग छत्र्या, मग कुलपं. मग एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे बंदुकांचे घोडे घासायला बसलो. त्याने मला अकरा वर्षं शिव्या घातल्या आणि स्वतःचे हात थरथरायला लागल्यावर हत्यारांची पेटी माझ्याकडे सरकवली. परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथला पट्टेवाला मला चहात धरायला लागला.

माझं गिऱ्हाईक म्हणजे बागायतदार. कलमांवर वानर पडतात, भातात डुक्कर शिरतो, म्हणून त्यांना शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो. कोणाकडे बारा बोअर, कोणाकडे पणजोबांच्या काळातली ठासणीची. बहुतेकांनी ती आयुष्यात चार वेळा उडवलेली असते आणि चारही वेळा वानर फांदीवर बसून आवाज ऐकत असतो. तरी बंदूक घरात लागते, आणि ती ठीक ठेवायला मी लागतो.

माझा राग जिल्ह्यात माहीत आहे. एकदा घासाघीस करताना मी स्वतःचंच स्टूल बोळात फेकलं होतं. मग गिऱ्हाइकाला बसायला काही उरलं नाही, म्हणून मीच ते उचलून आणलं, फुंकर मारली आणि पुन्हा तिथूनच भांडण सुरू केलं. पण रागाइतकीच माझी खरेदीही माहीत आहे. तिचा नियम एकच. जी वस्तू हवी आहे ती सोडून घरातल्या सगळ्या वस्तूंकडे बघायचं. एखादी नको असलेली वस्तू जीव तोडून मागायची, ती मिळाली नाही की चिडायचं, आणि जाता जाता, नाइलाज म्हणून, हवी ती उचलायची.

आता माझा नाद. बंदुका हा माझा धंदा, पण जीव पिस्तुलांवर, तोही विचित्र पिस्तुलांवर. रत्नागिरीत पिस्तूल म्हणजे फौजदाराच्या कमरेला असतं ते, आणि ते सगळीकडे सारखंच. पण एकदा मुंबईहून स्प्रिंगांचं खोकं आलं, त्यात माल हलू नये म्हणून चुरगळलेले कागद कोंबले होते. उलगडून बघतो तर कुठल्याशा परदेशी लिलावाच्या यादीची पानं. एकतीस पानं होती. बायकोकडून इस्त्री करून घेतली. तिने विचारलं, "कोणाचं लग्न आहे या कागदांचं?"

त्या पानांवर माणसाने पिस्तुलाच्या नावाखाली काय काय करून ठेवलंय ते दिसलं. एकाच्या चार नळ्या बदकाच्या पंजासारख्या पसरलेल्या. एक जेवायच्या काट्यात लपवलेलं. एक अंगठीत. आणि तेविसाव्या पानावर एक गोल पिस्तूल, जाड खिशातल्या घड्याळासारखं, एका बाजूने करंगळीएवढी नळी बाहेर आलेली. त्याला ना दस्ता, ना चाप. मुठीत धरायचं आणि मूठ आवळायची. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण चित्राखालचं एक वाक्य शब्दकोश घेऊन लावलं होतं: थोडीच बनली, त्याहून थोडी उरली. आयुष्यात असं एक तरी पिस्तूल आपल्या पेटीत असावं, एवढीच माझी इच्छा होती. स्टो दुरुस्त करणाऱ्याने यापेक्षा मोठी इच्छा केली असती तर लोक हसले असते. ही सांगितली असती तरीही हसले असते, म्हणून कोणाला सांगितली नाही.

अठ्ठ्याण्णव साली निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवाना असलेल्या प्रत्येकाने बंदूक पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानात जमा करायची, असा रिवाज आहे. पावसच्या या बागायतदाराने आपली बारा बोअर ठाण्यात जमा केली आणि ती गंजून परत आली. मग पावसाळ्यानंतर तो माझ्याकडे आला. त्याला सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. माणूस बारीक, आवाज हळू, हातात कायम अडकित्ता. प्रत्येक वाक्याआधी एक सुपारी कातरतो, त्यामुळे समोरच्याला वाटतं की हा विचार करून बोलतोय. दुर्दैवाने खरंच करत असतो.

"मेस्त्री, खंडेनवमीला बंदूक पूजेत हवी," तो म्हणाला. "आणून द्याल?"

खंडेनवमीला सकाळच्या एसटीने भाट्याचा पूल ओलांडून मी पावसला गेलो. भाऊंच्या ओटीवर पाट मांडला होता. कोयता, विळी, कलमं कापायची करवत, पंप चालू करायचा पाना, नातीची कंपासपेटी, सगळं पूजेला मांडायचं होतं. मी बंदूक ठेवली आणि मागच्या पडवीकडे नजर गेली. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, परात घेऊन पितळ घासत बसल्या होत्या. समई घासून झाली, ताम्हण झालं, आणि ओल्या आमसुलांच्या शेजारी तेविसावं पान पडलं होतं.

गोल. जाड. करंगळीएवढी नळी. मी खांब धरला.

"ते काय हो, वहिनी?" मी जमेल तेवढ्या आळसाने विचारलं.

"ती होय? सासऱ्यांच्या वडिलांची डबी. आगबोटीवर कारकून होते ना, कुठल्यातरी बंदरातून आणली. हे म्हणतात दिशा दाखवायचं यंत्र आहे. मला विचाराल तर सोऱ्याचा मोडका भाग आहे. पण ते दर नवमीला पूजेत ठेवायचे, म्हणून आम्ही ठेवतो."

म्हणजे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आणि ते सांगणं माझ्या फायद्याचं नव्हतं. 'पिस्तूल' हा शब्द तोंडातून गेला असता तर बिनपरवान्याचं हत्यार म्हणून ते ठाण्याच्या मालखान्यात गेलं असतं आणि तिथून काही परत येतं ते भाऊंच्या बंदुकीसारखं येतं. डबी आहे तोवर ते माझं होऊ शकत होतं.

मी नियमाप्रमाणे भाऊंच्या अडकित्त्यावर पडलो. पितळी, घोड्याच्या आकाराचा, सुरेख होता, पण मला तो फुकट दिला तरी नको होता.

"भाऊ, अडकित्ता मला द्या. मजुरी नको, अडकित्ता द्या."

"मग मी सुपारी काय दाताने फोडू?"

"दुसरा आणून देतो. दोन आणतो."

"नको हो. हाताला बसलाय."

मी चिडलो. म्हणालो, एवढं काम करायचं, एसटीत बंदूक सांभाळत यायचं, आणि माणसाने एक अडकित्ता देऊ नये? भाऊंना वाईट वाटलं. तसं ते वाटायलाच हवं होतं. मग मी निःश्वास सोडून उठलो, पिशवी उचलली, आणि जाता जाता म्हणालो, "बरं. निदान ती मोडकी डबी तरी द्या. रिकाम्या हाताने गेलो तर बायको विचारील."

"डबी?" भाऊ म्हणाले. "न्या की."

न्या की! हे दोन शब्द मी अजून विसरलेलो नाही. पिस्तूल माझं झालं होतं. पाच पावलं टाकून उचलायचंच राहिलं होतं. आणि त्याच क्षणी वहिनींनी ते हातात घेतलं, त्यावर मूठभर आमसूल थापलं, चिमूटभर राख टाकली आणि झाकणावरच्या कोरीव अक्षरांवर काथ्या फिरवायला लागल्या. "मेली अक्षरं, किती वर्षं घासते, जातच नाहीत," असं म्हणत.

जुन्या हत्याराचं अर्धं मोल त्याच्या रंगात असतं आणि उरलेलं अक्षरांत. माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही परातीत उतरत होती. मी ओरडलो.

"वहिनी! घासू नका! हात काढा म्हणतो!"

त्यांच्या हातून ते परातीत पडलं. ओटीवर भाऊंचा अडकित्ता सुपारीवर थांबला.

"का हो?" वहिनी म्हणाल्या. "सासूबाईंनी घासली, त्यांच्या सासूबाईंनी घासली. तुमचं काय जळलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "आमसूल... हाताला बरं नसतं."

"हाताला बरं नसतं? मग सोलकढी आम्ही पायाने करतो काय?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी सुपारी कातरली, सावकाश, बारीक. खांड तोंडात टाकलं.

"मेस्त्री, डबीच ना ती?"

"हो तर. डबीच."

"हं. न्या म्हटलं खरं मी. पण पूजेतली वस्तू आहे, आजोबांनी ठेवलेली. अशी परस्पर कशी द्यायची? देवीला विचारायला हवं. आता घट बसलेत. घट उठले की कौल लावतो."

कौल म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही, पण घाटावरच्या वाचकांसाठी लिहितो. ग्रामदेवीच्या मूर्तीला गुरव दोन्ही अंगांना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी जगात सगळ्यांशी घासाघीस केली आहे, मामलेदाराशीसुद्धा. देवीशी कशी करायची ते मला माहीत नव्हतं. भाऊंनी मला अशा दुकानात नेऊन उभं केलं जिथे गल्ल्यावर बसलेली व्यक्ती बोलतच नाही.

दिवाळीआधी भाऊ दुकानात आले. चेहरा पाडून म्हणाले, "डावी पडली हो, मेस्त्री."

असा चेहरा की मीच त्यांचं सांत्वन केलं.

"पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येतं," ते म्हणाले. "देवीचं मन बदलतं. माणूस मनापासून वागत असला तर बदलतं."

मग मी मनापासून वागायला लागलो. नव्याण्णव साली पुन्हा निवडणूक लागली तेव्हा भाऊंची बंदूक मी ठाण्यात जाऊ दिली नाही, माझ्या दुकानात ठेवली, दर आठवड्याला तेल लावलं. डावी पडली. पुढच्या वर्षी तिला शिसवी लाकडाचा नवा दस्ता केला. डावी पडली. त्यापुढच्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाचे फॉर्म मी भरले, कचेरीत मी उभा राहिलो, पट्टेवाल्याला चहा मी पाजला. डावी. एकदा मिरकरवाड्याहून ताजी सुरमई घेऊन एसटीने गेलो. कंडक्टरने मला मागच्या दारात उभं केलं. वहिनींनी सुरमई तळली, मला वाढली, आणि जाताना एक पिशवी बिटक्या दिल्या. बिटक्या म्हणजे सुपारीहून जरा मोठा रायवळ आंबा. हापूसची बाग असलेल्या घराने.

"देवी आहे की सरकारी कचेरी?" माझी बायको म्हणाली. "दर वर्षी तोच अर्ज आणि तीच नामंजुरी."

मी तिच्यावर चिडलो. देवीबद्दल असं बोलू नये म्हणालो. आज तिची माफी मागायला हरकत नाही, पण ती हे वाचणार नाही, तेव्हा राहू दे.

या सगळ्या वर्षांत मी खंडेनवमीला मात्र पावसला गेलो नाही. ते घासणं माझ्याने बघवलं नसतं. त्या दिवशी मी दुकानात बसून मनातल्या मनात एकेक अक्षर पुसलं जाताना बघायचो आणि गिऱ्हाइकांवर ओरडायचो.

दोन हजार चारचा उन्हाळा. ऐन आंब्यात निवडणूक लागली, वानर मोकाट आणि बंदुका कुलपात. भाऊ बोअर जमा करायला आले. बंदूक ठेवली, मग सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला आणि मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं. मी फडकं उलगडलं नाही. आकारावरूनच कळलं.

"मीच कचेरीत अर्ज केला," भाऊ म्हणाले. "घरात आजोबांची एक जुनी वस्तू आहे, काय आहे कळत नाही. त्यांनी लिहून दिलं, परवाना असलेल्या जाणकाराने तपासून लेखी अहवाल द्यावा, तोवर वस्तू त्याच्या ताब्यात ठेवावी. म्हटलं, रत्नागिरीत तुमच्याशिवाय कोण?"

"आणि कौल?"

"पडला की या वर्षी. उजवी."

माझा हात फडक्याकडे गेला.

"पण देवीचं म्हणणं, कागद आधी रीतसर होऊ देत," भाऊ सुपारी कातरत म्हणाले. "मग बघू."

'मग बघू' हे शब्द देवीचे की भाऊंचे, हे मी विचारायला हवं होतं. आयुष्यभर मी लोकांना शब्दांत पकडत आलो. त्या दिवशी माझे डोळे फडक्यावर होते.

भाऊ गेल्यावर दार लोटून मी फडकं उलगडलं. अक्षरं जागेवर होती. एकूण एक. रंगही होता, आणि वर खोबरेल तेलाचा पातळ हात. तेव्हाच कळायला हवं होतं की सहा वर्षांत त्याला आमसूल लागलेलं नाही. मला वाटलं, देवीची कृपा.

झाकण उघडलं. आत एक चपटी चकती, आणि तिच्यात सायकलच्या आऱ्यांसारखी मधून बाहेर जाणारी काडतुसांची सात घरं. स्प्रिंग तुटली होती. मी जुन्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग कापून, घासून, तापवून नवी बसवली. नऊ दिवस लागले. मग ते मुठीत धरलं. नळी मधल्या दोन बोटांतून बाहेर, मागची पट्टी तळहाताला. मूठ मिटली की पिस्तूल दिसतच नाही. आरशासमोर उभा राहून दोन-तीनदा मूठ मिटली. बावन्न वर्षांच्या माणसाने करायची गोष्ट नाही, पण दार लावलेलं होतं.

मग अहवाल. इथे मी प्रामाणिकपणे सांगतो. एक ओळ पुरेशी होती: 'धातूची मोडकी डबी, शस्त्र नव्हे, मूल्य काही नाही.' कचेरीने वाचलं असतं, फाइल बंद केली असती, आणि मूल्य नसलेली डबी भाऊंनी मला दिली असती किंवा द्यावी लागली असती. मी ती ओळ लिहायला घेतली. 'धातूची' एवढं लिहिलं. पुढचा शब्द हाताला येईना. समोर ते पडलं होतं, सात घरांचं, कुठल्यातरी कारागिराने कानशीने घासून केलेलं, समुद्र ओलांडून आलेलं, शंभराच्या वर खंडेनवम्या हळदकुंकू खाल्लेलं. त्याला मोडकी डबी म्हणायचं? कानशीवर पोट भरणाऱ्याने?

मी कागद फाडला आणि फुलस्केपची चार पानं लिहिली. आकृती काढल्या. वस्तू पुरातन, अत्यंत दुर्मिळ, हिची काडतुसं आता जगात कुठे बनत नाहीत, तेव्हा कोणाला धोका नाही, असं लिहिलं. शेवटी, म्हणजे शेवट छान व्हावा म्हणून, लिहिलं: 'ज्या घरी ही वस्तू असेल त्या घराने ती जिवापाड जपावी.' हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझं घर होतं.

निवडणूक संपली. भाऊ आले, बंदूक घेतली, पिस्तूल घेतलं, अहवालाची प्रत घेतली.

"माझं काय?" मी विचारलं.

"खंडेनवमीला या," ते म्हणाले. "पूजेलाच या."

मी नवा शर्ट घातला. पेढे घेतले. सहा वर्षांनी खंडेनवमीला पावसच्या ओटीवर पाय ठेवला. पाटावर कोयता, विळी, करवत, बंदूक, आणि मधोमध एक काचेची पेटी. आत निळ्या मखमलीवर माझं पिस्तूल. खाली एक कार्ड, सुंदर अक्षरात, 'अत्यंत दुर्मिळ'पासून 'जिवापाड जपावी'पर्यंत माझंच लिखाण. नाव मात्र माझं नव्हतं. आजोबांचं होतं.

"बसा, मेस्त्री," भाऊ म्हणाले. "तुमचा अहवाल वाचून कचेरीने घरात ठेवायची परवानगी दिली. पुरातन वस्तू म्हणून."

"ते मला द्यायचं ठरलं होतं!"

"होतं खरं. पण तुम्हीच लिहिलंत ना, ज्या घरी असेल त्या घराने जपावी. आमच्याच घरी होती. तुमचा शब्द मोडू कसा?"

"पेढे पुढ्यात ठेवा," वहिनी म्हणाल्या. "नैवेद्य दाखवते. आणि घाबरू नका हो, घासत नाही ती आता. तुम्ही ओरडलात त्या दिवसापासून घासली नाही. हाताला बरं नसतं ना."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. देवासमोर बोललो, एवढं सांगतो. पेढे तिथेच टाकून निघालो आणि रागाच्या भरात सरळ देवळात गेलो. गुरव पायरीवर बसला होता.

"सहा वर्षं त्या डबीचा कौल लावलास," मी म्हणालो. "पाच वेळा डावी आणि सहाव्यांदा उजवी, हे कसं?"

"कसली डबी?"

"भाऊंची. गोल."

गुरवाने डोकं खाजवलं. "भाऊंनी बोअरवेलचा कौल लावला व्हता एकदा. एकदा पोरीच्या लग्नाचा. डबीचा कंदीच न्हाय. डबीचा कोन कौल लावतोय?"

मी पायरीवर बसलो. सहा वर्षं. दस्ता, फॉर्म, सुरमई. देवीने मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"मग आता लाव," मी म्हणालो. "माझा लाव. भाऊने मला फसवलं काय, एवढंच विचार."

"घट बसलेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या. नारळ घेऊन. नारळ ठेवील त्याचा प्रश्न."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नारळ घेऊन हजर. आदल्या दिवशी गुरवाने कोणाला सांगितलं कोण जाणे, निम्मा गाव देवळात जमला होता. भाऊ होते, वहिनी होत्या. मी नारळ ठेवला. गुरवाने दोन्ही अंगांना दोन-दोन पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आई, भाऊने मेस्त्रीला फसवला काय? फसवला असंल तर उजवी दे."

सगळे पुढे वाकले. उजवी पाकळी हलली, घसरली आणि टपकन पडली.

गाव 'आँ' म्हणाला. मी भाऊंकडे वळलो. अडकित्ता खिशात होता त्यांचा, हात मोकळे. पहिल्यांदाच त्यांना बोलण्याआधी काही कातरायला नव्हतं. असं चारचौघांत देवीने सांगितलं की भरपाई करावी लागते, ही गावाची रीत आहे. भाऊ खाली बघत म्हणाले, "बरं, मेस्त्री. देवी बोलली. सांगा काय देऊ ते."

मी तोंड उघडलं. 'पि' एवढं म्हणालो. आणि त्याच वेळी मागून, गर्दीतून, एका बाईचा आवाज आला: "आणि मेस्त्री डबी म्हणून पिस्तूल न्यायला आला होता काय, तेही विचार की!"

गुरवाने हे विचारायचं काही कारण नव्हतं. पण त्याने विचारायच्या आतच, मूर्तीच्या उजव्या अंगाला राहिलेली दुसरी पाकळी पडली. प्रश्न पुरता संपलासुद्धा नव्हता.

देऊळ हसायला लागलं. गुरवसुद्धा हसला, देवीसमोर. भाऊंनी हात जोडले, आधी देवीला, मग मला. "फिटलं हो, मेस्त्री," ते म्हणाले आणि खिशातून अडकित्ता काढला. पिस्तूल त्या दिवसापासून त्यांच्या काचेत आहे. स्प्रिंग माझी, मजकूर माझा, मखमल त्यांची.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या दिवशी देवीसमोर एकच नारळ होता आणि तो माझा होता. नारळ ठेवील त्याचा प्रश्न, हे खुद्द गुरवाने सांगितलं होतं. मग माझ्या नारळावर दुसऱ्याचा प्रश्न कसा विचारला गेला? वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, मी ओटीचे खण आवरत होते, मी कशाला बोलू? गुरव म्हणतो, मला आवाज वळखू आला न्हाय. भाऊ सुपारी कातरतात. निम्मा गाव होता देवळात आणि एकालाही माहीत नाही. तो आवाज जिचा होता तिने पुढे यावं, स्वतःचा नारळ ठेवावा, आणि माझ्या नारळावर बोलायचा अधिकार तिला कोणी दिला, याचा जाब देवीसमोर, माझ्या तोंडावर द्यावा.